शाळा आणि घर यांच्या मधली जागा

मी कोलकात्याहून बोलतेय. इथे लहान मुलांच्या शाळेबाहेर एक दृश्य हमखास दिसतं. मुलांना आत सोडून काही आया फुटपाथवर पेपर अंथरून शाळा सुटेपर्यंत बसून राहतात. दुसरं दृश्य पूल कारचं. काही पालक मिळून एक गाडी ठरवतात, मुलं त्या गाडीनं ये-जा करतात. ड्रायव्हरला ती 'काकू' म्हणतात. आपल्या मराठी कानांना गंमत वाटते, पण बंगालीत काकू म्हणजे काका.

आता या काकूंचं लायसन्स कुणी पाहिलंय? गाडीत मुलं किती बसतात, कुणी मोजलंय? पालकांना वाटतं, शाळेनं चौकशी केली असेल. शाळा म्हणते, गाडी तुम्ही ठरवलीत. आज मला बोलायचंय ते या मधल्या जागेबद्दल. दोघांनाही वाटतं की दुसरा बघतोय, आणि बघत कुणीच नसतं.

14 फेब्रुवारी 2020 ला, कोलकात्याशेजारच्या हुगली जिल्ह्यात, पोलबाजवळ मुलांना शाळेत नेणारी एक पूल कार रस्त्याकडेच्या पाण्यात कोसळली. त्यातलं एक मूल काही दिवसांनी कोलकात्याच्या हॉस्पिटलमध्ये गेलं. गाडीत बसल्यापासून शाळेत पोचेपर्यंत मूल कुणाच्या जबाबदारीवर असतं, हे त्या दिवसाआधी किती ठिकाणी लिहून ठेवलेलं होतं?

आता फाटकाच्या आत येऊ. 2017 च्या अखेरीस दक्षिण कोलकात्यातल्या एका नामांकित शाळेत चार वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार आली. दोन शिक्षकांना अटक झाली. शेकडो पालक फाटकाबाहेर जमले, शाळा काही दिवस बंद राहिली. मग ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूर. दोन चिमुरड्या मुली. तक्रार नोंदवून घ्यायलाच पोलिसांनी कित्येक तास लावले. 20 ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले आणि मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली.

दोन्ही ठिकाणी पालक रस्त्यावर आले. पालक रस्त्यावर येतात, कारण ऐकून घेणारं दार त्यांना आत सापडत नाही. ते दार आधीच उघडं ठेवणं, हेच शाळा आणि पालकांनी मिळून करायचं काम आहे.

कायदा इथे आपल्या बाजूनं आहे. 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार, मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला कळेल त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखानं कळवला नाही, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. 'आधी आम्ही आमची चौकशी करतो, मग बघू' ही सवलत शाळेला नाही. शिक्षण हक्क कायद्यानं सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्यात. त्या खुर्च्या बऱ्याचदा फक्त सहीपुरत्या भरतात. विनाअनुदानित शाळेत पालक-शिक्षक सभा असते, पण तिथे मार्क आणि फी यांपलीकडे विषय जात नाही.

म्हणून पुढच्या सभेत तीन प्रश्न विचारा. पहिला, मुलाला नेणाऱ्या-आणणाऱ्या माणसाचं नाव, फोटो, फोन नंबर शाळा आणि पालक दोघांकडे आहे का? बदली माणूस आला तर मूल कुणाच्या परवानगीनं सोडायचं? दुसरा, लहान मुलांना बाथरूमला कोण नेतं? तिथे बाई नेमलेली आहे का, आणि ती रजेवर असेल त्या दिवशी कोण? तिसरा, तक्रार कुणाकडे करायची? त्या व्यक्तीचं नाव आणि 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर भिंतीवर लावलाय का? उत्तरं तोंडी घेऊ नका, इतिवृत्तात लिहून घ्या.

शाळेवर संशय घ्या, असं मी म्हणत नाहीये. चांगल्या शिक्षकालाही हे लिहिलेलं हवंच असतं, कारण त्यात त्याचंही संरक्षण आहे.

आणि घरी? मूल म्हणालं, 'मला त्या काकांकडे जायचं नाही', तर 'असं बोलू नये' म्हणून त्याला गप्प करू नका. थांबा. शांतपणे विचारा, का रे बाळा? त्याचं उत्तर त्याच दिवशी शाळेपर्यंत पोचवा, लेखी. आणि उत्तर अत्याचाराचं असेल, तर शाळेच्या निरोपाची वाट न बघता थेट पोलिसांकडे जा.