नाक्सोस बेटावरचे हृदय

ग्रीसच्या एजियन समुद्रात नाक्सोस नावाचे बेट आहे. तिथल्या काही कुटुंबांत जन्मतःच लोकरीसारखे कुरळे केस असणारी मुले दिसत. ती रांगू-चालू लागली की त्यांच्या तळहातांची आणि तळपायांची कातडी जाड होई. पुढे ऐन तारुण्यात त्यांतल्या कुणाला चक्कर येई, तर कुणी अचानक दगावे.

केस, कातडी आणि हृदय यांचा हा संबंध डॉ. निकोस प्रोटोनोटारिओस, डॉ. अडालेना त्सात्सोपूलू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडला. बेटावर राहून त्यांनी ही कुटुंबे वर्षानुवर्षे तपासली. मोठ्या प्रयोगशाळेइतकेच मोल मी या चिकाटीला देते.

सन २००० मध्ये कारण सापडले: प्लाकोग्लोबिन या प्रथिनाच्या जनुकातला दोष. विटांमधल्या चुन्याप्रमाणे हे प्रथिन पेशींना एकमेकींशी जखडून ठेवते. त्वचा आणि हृदय, दोन्हींवर सतत ताण असतो. म्हणून दोष तिथेच उमटतो. हृदयाच्या स्नायूपेशी सुटतात, मरतात, आणि त्यांच्या जागी चरबी व तंतुमय ऊती येते. मग विजेचा प्रवाह वाकड्या वाटेने फिरतो आणि ठोक्यांची लय बिघडते. म्हणजे स्नायूचा आजार आणि लयीचा आजार इथे एकच!

दोष आई आणि वडील या दोघांकडूनही आला, तरच आजार होतो. केस आणि कातडी मात्र हृदयाच्या कितीतरी आधी इशारा देतात. त्यामुळे अशा मुलांचा ईसीजी आणि इको वेळेवर काढता येतो, दमछाक करणारे खेळ थांबवता येतात आणि गरज पडल्यास बिघडलेली लय विजेच्या झटक्याने सावरणारा डिफिब्रिलेटर छातीत बसवता येतो.