नागसेन हे नाव



आपल्या नांदेड-लातूरकडं औंढ्याच्या नागनाथामुळं नागनाथ नावाची माणसं गावोगाव. त्यामुळं नागसेन म्हणलं तरी लोकांना नागनाथच ऐकू येतं. आमच्या पुतण्याच्या लेकराचं तसंच झालं. शाळेच्या रजिस्टरला नागनाथ लागलं. आम्ही विचारायला गेलो तर गुरुजी म्हणाले, "एकच की हो."

एकच कसं? नागनाथ हे देवाचं नाव, नागसेन भिक्खूचं. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर, म्हणजेच पालीतला मिलिंद. त्याची राजधानी सागल, आजचं पाकिस्तानातलं सियालकोट. वादात भल्याभल्यांना गप्प करणाऱ्या या राजाला नागसेनांनी उत्तरं दिली, तो ग्रंथ 'मिलिंदपञ्ह'. बाबासाहेबांनी तेव्हाच्या औरंगाबादेत १९५० साली कॉलेज काढलं, ते मिलिंद झालं आणि परिसर नागसेनवन. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघांनाही जागा दिली. नाग लोकांनी बुद्धाचा धम्म पसरवला, हे त्यांनी १९५६ साली नागपूरला सांगितलंच होतं.

गंमत अशी, की त्या ग्रंथात राजा आधी नावच विचारतो. नागसेन सांगतात, आईबाप नागसेन, शूरसेन, वीरसेन अशी नावं ठेवतात, पण ती हाक मारण्यापुरती. त्यामागं कायमचा कुणी आत्मा नाही. नुसतं चाक म्हणजे रथ नव्हे, नुसता आसही नव्हे. सगळं जुळलं की त्याला रथ म्हणायचं.

मग एक पोरगं आम्हाला म्हणालं, असं असेल तर नावासाठी भांडता कशाला? प्रश्न चांगला आहे. पण नागसेनांना नाव आईबापांनीच दिलं होतं ना! आमच्या आज्याचं धोंडिबा हे नावही लेकरू जगावं म्हणून आईनंच ठेवलेलं. त्याचा धोंड्या गावानं केला. आणि ज्या जिल्ह्यात विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायच्या वादात १९७८ साली टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंना जिवंत जाळलं, १९९३ साली नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं, तिथं "एकच की हो" आम्ही कसं ऐकून घ्यावं? १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाला ते नाव लागलं.

पोराच्या जन्मदाखल्यावर नागसेनच होतं, म्हणून शाळेला दुरुस्ती करावी लागली. तेव्हा बारसं झालं की जन्मनोंद आधी करा, आणि लिहिलेलं नाव तिथंच मोठ्यानं वाचून घ्या.

जय भीम.