तट, नहर आणि नावे



औरंगाबादचे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले. त्या नावावर जेवढे रण माजले त्या मानाने शहराच्या पाण्यावर फारच थोडे बोलले गेले. वास्तविक या गावाचे बारसे काही प्रथमच झालेले नाही. १६१० मध्ये मलिक अंबरने निजामशाहीची राजधानी येथे आणली तेव्हा ती खडकी होती. १६२६ मध्ये अंबर वारला आणि पुत्र फतेहखानाने तिचे फतेहनगर केले. १६३३ मध्ये दौलताबाद मुघलांच्या हाती पडले. पुढे दख्खनच्या सुभेदारीवर दुसऱ्यांदा आलेल्या औरंगजेबाने १६५३ मध्ये गावास स्वतःचे नाव दिले. नाव देण्यास कोणत्याच राज्यकर्त्यास खर्च येत नाही.

पाणी आणण्यास येतो. अंबर हा इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि अखेर निजामशाहीचा कर्ताकरविता झालेला पुरुष. १६१६ मध्ये मुघल फौजांनी खडकीची नासधूस केली, तरी त्याने गाव पुन्हा उभे केले आणि उत्तरेकडील डोंगराच्या पोटातील पाणी जमिनीखालच्या नळांनी, केवळ उताराच्या बळावर, वस्तीत खेळविले. हवेसाठी व सफाईसाठी ठिकठिकाणी मनोरे ठेवले. हीच नहर-ए-अंबरी. ती कोणी खणली? ज्यांनी खणली त्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत. शहराभोवतीचे पुरे मात्र सरदारांना विसरलेले नाहीत: जयसिंगपुरा, कर्णपुरा, पदमपुरा.

१६८२ मध्ये मराठ्यांच्या हल्ल्यांच्या धास्तीने मुघलांनी तट बांधला. त्याच्या आत जे वैभव नांदत होते ते आभाळातून पडले नव्हते. खेड्यापाड्यांतून वसूल झालेला सारा येथे येई, दरबार व छावणी तो खर्च करी, आणि त्या खर्चावर हिमरू व किनखाब विणणारे, कागद करणारे, भिस्ती, मोलकरी जगत. १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्क दख्खनचा जवळजवळ स्वतंत्र धनी झाला, तोवर ही घडी टिकली. १७६३ मध्ये राजधानी हैदराबादेस गेली. तट उभाच राहिला, पण गिऱ्हाईक गेले. शत्रूची तोफ जे करू शकली नाही ते दप्तराच्या स्थलांतराने केले, आणि त्याचा पहिला घाव बसला तो मागावर बसणाऱ्यावर.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे महाविद्यालय सुरू केले. ज्यांच्या वाडवडिलांना वेशीबाहेर ठेवले गेले त्यांची मुले या शहरात पदवी घेऊ लागली. कोणत्याही दरवाजापेक्षा ही घटना मोठी, पण पर्यटकांच्या माहितीपुस्तकात तिला क्वचितच जागा मिळते. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९७६ मध्ये जायकवाडी धरण पुरे झाले आणि नाथसागराचे पाणी विजेच्या पंपांनी शहराकडे चढविले जाऊ लागले.

धरण भरले तरी नळाला रोज पाणी नाही, ही स्थिती शहराने वर्षानुवर्षे भोगली. कारखानदारीच्या आधाराने वाढलेल्या वस्त्यांतील कामगार आपल्या मजुरीतून टँकरचे पाणी विकत घेत राहिला. याच काळात नहरीचे कित्येक नळ रस्त्यांखाली आणि इमारतींच्या पायाखाली बुजले. ते बुजवले जात होते तेव्हा मात्र एकही मोर्चा निघाला नाही.