शिष्यवृत्तीला वयाची अट नसावी



आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने जैन परंपरेने सांगितली आहेत. दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद यांनी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारली. तसेच तरुणपणीच वैधव्य आलेल्या आपल्या कन्येला, मगनबाईंना, शिक्षणासाठी प्रोत्साहन दिले. पुढे मगनबाईंनी मुंबईत श्राविकाश्रम चालवून कितीतरी भगिनींना विद्येची वाट दाखविली.

आज संसारासाठी शिक्षण थांबविलेली गृहिणी पस्तिशीत पुन्हा महाविद्यालयात जाऊ पाहते, तेव्हा अनेक शिष्यवृत्त्यांच्या अर्जात वयोमर्यादा आणि मागील वर्षाचे गुण आडवे येतात. १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठामुळे घर सांभाळून शिकण्याची सोय झाली. तरी शुल्क, पुस्तके आणि प्रवासखर्च उरतोच. मुलांचे शुल्क भरून झाल्यावर स्वतःसाठी पैसे मागणे तिला जड जाते.

म्हणून तिच्यासाठी स्वतंत्र निधी असावा, त्याला वयाची अट नसावी आणि घेणारीचे नाव गुप्त राहावे. ज्ञानावरणीय कर्माचा क्षयोपशम वय पाहून होत नाही. मग ज्ञानदानाने तरी वय का पाहावे?

जय जिनेंद्र!