चिकाटीचा पाठ आणि पाठीवरचा हात



‘प्रयत्नांती परमेश्वर’ हे वचन अनेक शाळांच्या भिंतींवर रंगविलेले आढळते. मुंबईतील रात्रशाळेच्या नववीच्या वर्गात ते ज्यांच्या दृष्टीस पडते, ती मुले दिवसभर दुकानात, कारखान्यात किंवा परक्याच्या घरी राबून सायंकाळी बाकावर येऊन बसलेली असतात. कष्ट म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगावयास नको. उणीव असते ती या कष्टांतून काही निष्पन्न होईल, या विश्वासाची. हा विश्वास सुविचाराने येत नाही. साहित्यातून तो येऊ शकतो. मात्र ते साहित्य वर्गात कसे शिकविले जाते, यावर सारे अवलंबून असते.

पुष्कळदा धडा म्हणजे लेखकपरिचय, शब्दार्थ आणि स्वाध्यायाची उत्तरे. अखेरीस फळ्यावर तात्पर्य लिहिले की धडा संपला. तात्पर्य पाठ होते, परंतु मनाला स्पर्श करीत नाही. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’मध्ये पोहण्याच्या भीतीने लपून बसलेला श्याम आहे. ‘भिऊ नये’ हा त्या प्रसंगाचा सारांश सांगण्यास अर्धे मिनिटही पुरते. परंतु तोच प्रसंग संथपणे मोठ्याने वाचला, श्यामची भीती आणि त्याला बाहेर काढणाऱ्या आईची घालमेल वर्गाने अनुभवली, तर भिणारा मुलगाही धडपडून पुढे जाऊ शकतो, हे प्रत्येकास आपोआप उमगते.

कविवर्य नारायण सुर्वे यांचे चरित्र या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. जन्मतःच टाकून दिलेले ते मूल गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलून घरी आणले, त्याला आपले नाव दिले आणि चौथीपर्यंत शिकविले. पुढे कोवळ्या वयातच नारायण पुन्हा एकाकी झाला. घरगडी, हॉटेलातील पोऱ्या, गिरणीतील कामगार, शाळेतील शिपाई अशी कामे करीत त्यांनी सातवीची परीक्षा दिली आणि ते मुंबई महापालिकेच्या शाळेत शिक्षक झाले. 1962 मध्ये ‘ऐसा गा मी ब्रह्म’ प्रसिद्ध झाले, 1995 मध्ये परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले आणि 1998 मध्ये पद्मश्री.

ही कथा ‘शिपाई ते पद्मश्री’ अशा एका वाक्यात सांगणे सोपे आहे. तथापि तसे सांगितले की खरा पाठच निसटतो. चौथी आणि सातवी यांच्यामध्ये अनेक वर्षांचे अंतर आहे. त्या वर्षांत टाळ्या नाहीत, सत्कार नाही; पोटासाठी राबणे आणि मिळेल तेव्हा वाचणे एवढेच आहे. रात्रशाळेतील मूल आज नेमके त्याच वर्षांत उभे असते. म्हणून शिक्षकाने यशापेक्षा या मधल्या वर्षांवर अधिक थांबावे. किंबहुना चिकाटीचे शिक्षण तेथेच आहे.

येथे एक धोका ध्यानी घेणे आवश्यक आहे. ‘सुर्वे घडले, मग तुम्ही का नाही?’ असा सूर एकदा लागला की साहित्य हे प्रेरणा न राहता ठपका ठरते. नापास होणारे गरीब मूल आळशी असते, असा सोयीस्कर समज त्यातून बळावतो. वस्तुतः याच पुस्तकांची साक्ष निराळी आहे. श्यामच्या मागे आई आहे. नारायणाच्या मागे गंगाराम आहे. कैकाडी समाजातील लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ या 1980 मधील आत्मकथनात गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरतानाही मुलाने शिकावे म्हणून हट्ट धरणारा बाप आहे. एकट्याच्या चिकाटीची गोष्ट साहित्यात शोधूनही क्वचितच सापडते. सोसत राहा, हा या पुस्तकांचा संदेश नाही. धडपडणाऱ्याला कोणीतरी धरून ठेवले पाहिजे, हा आहे.

म्हणूनच दानशूर मंडळींचे कर्तव्य गणवेश आणि फी यांपाशी संपत नाही. कपाटात कुलूपबंद असलेल्या एका प्रतीने वाचन घडत नाही. प्रत्येक मुलाच्या हाती पुस्तक हवे, ते घरी नेण्याची मुभा हवी. उपाशीपोटी कविता कळत नाही. रात्रशाळेत तास सुरू होण्यापूर्वी दोन घास हवेत. आणि दोन दिवस गैरहजर राहिलेल्या मुलाच्या दारी जाऊन विचारपूस करणारे कोणी हवे. एवढे झाले, तर वर्गात वाचलेली गोष्ट मुलाला खोटी वाटणार नाही.

मागावर ताण सोसतो तो उभा धागा. परंतु आडवा धागा त्यात विणला गेल्यावाचून वस्त्र होत नाही. मुलांच्या अंगी ताण सोसण्याचे बळ आहेच. आडवा धागा समाजाने पुरवावयाचा आहे.