बालकाची नियमित तपासणी आणि दुखरा घसा

(श्रींच्या वर्धापनदिनी देवस्थानच्या अग्रशाळेत दिलेले व्याख्यान)



तान्हे बाळ आपण प्रथम श्रींच्या पायांवर घालतो, पुढे जावळ काढतो, मुंज करतो. प्रत्येक टप्प्याला मुहूर्त पाहण्याची आपली रीत आहे. डॉक्टरांकडे मात्र मूल आजारी पडल्याखेरीज आपण जात नाही. बालरोगचिकित्सक या नात्याने आज याच विषयावर चार शब्द बोलावे असे मी योजिले आहे.

काही वर्षांपूर्वी अकरा वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आली. जिना चढताना धाप लागते, एवढीच तक्रार. छातीला नळी लावताच हृदयाच्या ठोक्यांत फुरफुर ऐकू आली. एक झडप बिघडली होती. मातेशी बोलता बोलता मागचा वृत्तान्त उलगडला. दीड वर्षापूर्वी जत्रेहून परतल्यावर मुलीचा घसा सुजला व ताप आला होता. गोळ्या दहा दिवसांच्या होत्या; तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि उरलेल्या गोळ्या फडताळात गेल्या. तीन आठवड्यांनी गुडघे व घोटे सुजले, तेव्हा वाढीचे दुखणे समजून तेल चोळले गेले. तो होता रुमॅटिक ताप. हा ताप सांधे केवळ चाटतो, पण हृदयाला चावतो, अशी वैद्यकात जुनी म्हण आहे.

यात मातेचा दोष नाही. तिला कोणी नीट सांगितलेच नव्हते. म्हणून आज सांगतो.

मुलांची बहुतेक घसेदुखी विषाणूंमुळे होते. नाक वाहणे, खोकला, आवाज बसणे, डोळे लाल होणे ही तिची लक्षणे. ती काही दिवसांत आपोआप बरी होते. तिला प्रतिजैविक औषध देणे व्यर्थ होय. विश्रांती, कोमट पेये, मोठ्या मुलांना मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि वजनाच्या मानाने पॅरासिटामॉल एवढे पुरते. मुलांना ॲस्पिरिन आपल्या मनाने कदापि देऊ नये. वर्षाच्या आतील बाळाला मधाचे बोटही चाटवू नये.

याउलट एकाएकी ताप, गिळताना तीव्र वेदना, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, जबड्याखाली दुखऱ्या गाठी, आणि सर्दी-खोकला मात्र नाही, असे असेल तर स्ट्रेप्टोकोकस जंतूंचा संशय घ्यावा. हा विकार विशेषतः पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत दिसतो. तीन वर्षांखाली क्वचितच. केवळ पाहून निदान करताना जाणता डॉक्टरही फसतो, म्हणून शक्य तेथे घशातील स्राव बोळ्यावर घेऊन तपासावा. वेळीच दिलेल्या पेनिसिलिनने रुमॅटिक ताप टळतो, हे १९५० साली अमेरिकेत सैनिकांवरील अभ्यासाने दाखवून दिले. दुखणे सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत उपचार सुरू झाला तरी हे संरक्षण मिळते. तेव्हा घाबरू नये, पण दिलेले औषध ठरलेल्या शेवटच्या दिवसापर्यंत घ्यावे.

मुलाच्या तोंडातून लाळ गळत असेल, पाणीही गिळवत नसेल, श्वासाला घरघर लागली असेल किंवा घशात करडा पडदा दिसत असेल, तर चमच्याने जीभ दाबून पाहत बसू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. करडा पडदा घटसर्पाचा असू शकतो, आणि त्यावर लस आहे.

येथेच नियमित तपासणीचे महत्त्व पटते. निरोगी मुलाचे वजन व उंची तक्त्यावर मांडली की वाढ खुंटल्याचे आधीच कळते. दृष्टी, श्रवण, वाणी, दात पाहिले जातात. हृदयाचे ठोके ऐकले जातात. सहा, दहा व चौदा आठवड्यांच्या लसी आपण सहसा चुकवीत नाही. पण दीड वर्षाचा आणि पाच वर्षांचा बूस्टर विसरतो. त्या मुलीची मधल्या दीड वर्षात एकदा जरी तपासणी झाली असती, तरी ती फुरफुर लवकर ध्यानी आली असती. आज ती दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घेते, आणि ते तिला अनेक वर्षे घ्यावे लागणार आहे.

मुलाच्या वाढदिवशी आपण श्रींना अभिषेक करतो. त्याच आठवड्यात त्याला डॉक्टरांकडेही न्यावे, एवढीच माझी विनंती. श्रींनी दिलेल्या प्रसादाचे जतन करणे हीदेखील सेवाच आहे.