नाताळचा कापडी हत्ती

जर्मनींतील मार्गारेटे श्टाइफ यांनीं १८८० सालीं टांचण्या टोचावयास फेल्टचा हत्ती केला; मुलांनीं त्याचें खेळणेंच करून टाकलें! नाताळासाठीं तसा हत्ती आज भरतकामाच्या यंत्रावर घरीं होतो.

अस्तरासह रिंगेंत ताणलेल्या कापडावर यंत्र आधीं डोळे भरतें. तेथें गुंड्या नकोतच. लहान मूल त्या उपटून गिळतें. मग दुसरें कापड सुलट बाजूवर सुलट पसरावें. यंत्र कडेनें शिवतें, पोटाशीं दोन बोटें फट ठेवतें. कांठ कातरून, वळणांवर टाके न तुटतील असे छेद देऊन, फटींतून हत्ती उलटवावा.

कापूस प्रथम सोंडेंत, पेन्सिलीनें, चिमूटचिमूट सारावा. कोंबल्यास गांठी होतात. पोट काय, कोणीही भरील! फट मात्र हातानेंच, बारीक टाक्यांनीं मिटवावी. सैल राहिल्यास कापूस मुलाच्या तोंडांत जावयाचा.